औषध दुकानांच्या परवान्यांची सद्यस्थिती जनतेला खुली करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य, मुंबई
मार्फत : सहायक आयुक्त (औषधे), नांदेड व लातूर

महोदय,

नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये काय किंवा लातूर-उदगीरच्या मेडिकलमध्ये काय, दुकानाच्या खरेपणाचा ग्राहकाला दिसणारा पुरावा म्हणजे दर्शनी भागात लावलेला परवाना. मात्र ऑक्टोबर २०१७ च्या नियमदुरुस्तीनंतर परवान्याला ठरावीक मुदत राहिलेली नाही. दर पाच वर्षांनी शुल्क भरले आणि निलंबन किंवा रद्दीकरण झाले नाही, तर तो चालूच राहतो. त्यामुळे तो आज चालू आहे की निलंबित, हे कागदावरून कळत नाही; आपल्या दप्तरात मात्र त्याची नोंद असते. ही नोंद रुग्णाला पाहता यावी, एवढीच आमची मागणी आहे.

दुकानात मिसळून दिल्या जाणाऱ्या मलमांच्या आणि द्रावणांच्या बाबतीत ही गरज अधिक आहे. कंपनीच्या औषधाला बॅच नंबर असतो, दोष आढळला तर माल परत मागवता येतो. मिसळलेल्या डबीमागे हमी असते ती नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीची. फार्मसी कायदा, १९४८ च्या कलम ४२ चा रोख तोच आहे. अमेरिकेत २०१२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका कंपाउंडिंग, म्हणजे औषधे मिसळून देणाऱ्या, फार्मसीच्या दूषित इंजेक्शनांमुळे साठाहून अधिक रुग्ण दगावले. आपल्याकडे १९८६ मध्ये जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनने १४ बळी घेतले, तेव्हा न्या. लेंटिन आयोगाने आपल्याच प्रशासनाच्या कारभारावर कठोर ताशेरे ओढले होते. तो अहवाल आजही वाचण्याजोगा आहे.

निरीक्षक अपुरे आहेत, हे उत्तर आम्हाला अपेक्षित आहे, आणि ते खोटेही नाही. प्रत्येक विक्री-आस्थापनेची वर्षातून किमान एक तपासणी नियमानेच सांगितली आहे. माशेलकर समितीने २००३ मध्ये २०० दुकानांमागे एक निरीक्षक सुचवला होता. पण हाताशी असलेली नोंद उघड करायला नवा निरीक्षक लागत नाही. अपील प्रलंबित असताना दुकानदाराची नाहक बदनामी होईल, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. त्यावर ‘निलंबित, अपील प्रलंबित’ किंवा ‘आदेशाला स्थगिती’ अशी नेमकी नोंद हाच उपाय, लपवाछपवीने प्रामाणिक दुकानदारही संशयात येतो. ग्रामीण रुग्ण संकेतस्थळ पाहणार नाही म्हणाल, तर डॉक्टर, आशा कार्यकर्ती आणि गावातला शिकलेला मुलगा तरी पाहील.

तरी नांदेड व लातूर जिल्ह्यांपासून आरंभ करून दुकानाचे नाव, तालुका, परवाना क्रमांक, फार्मासिस्टची नोंदणी आणि परवान्याची सद्यस्थिती मराठीत, कोणालाही शोधता येईल अशी प्रसिद्ध करावी. निलंबनाचा आदेश निघेल त्याच दिवशी ती बदलावी, आणि आदेशाची प्रत दुकानाच्या दारावर लावणे बंधनकारक करावे.

आपले,
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील औषध-ग्राहक नागरिक