घरचें आरोग्य : घोरणें आणि दंतवैद्य

कामशेतच्या एका भगिनीनें आम्हांस विचारिलें आहे : "घोरण्यावर दंतवैद्याजवळ उपाय असतो असें ऐकतें, हें खरें काय?" तिचे यजमान रोज स्वतः मोटार हांकून पुण्यास नोकरीवर जातात. रात्रीं ते मोठ्यानें घोरतात, मध्येंच श्वास थांबल्यासारखा होतो, आणि थोड्या वेळानें दचकून पुनः घोरूं लागतात. निद्रेची परीक्षा झाली, श्वासाचें यंत्रही घरीं आलें. परंतु तोंडावर मुखवटा बांधून झोंप येत नाहीं म्हणून तें कपाटांत पडलें आहे. प्रश्न एका घरचा असला तरी त्याचें उत्तर पुष्कळ घरांच्या उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून तें येथें विस्तारानें देत आहों.

घोरणें हा आमच्याकडे थट्टेचा विषय. घोरणाऱ्यास कुंभकर्ण म्हणावें आणि त्याच्या गाढ झोंपेचा हेवा करावा, ही आमची रीत. वस्तुस्थिति पुष्कळदां नेमकी उलट असते. झोंपेंत जीभ व मऊ टाळू यांचे स्नायु सैल होतात आणि जीभ घशाकडे सरते. वाट अरुंद झाली म्हणजे जाणारी हवा त्या सैल भागांस थरथरविते; तोच घोरण्याचा आवाज. वाट अगदींच मिटली म्हणजे छाती हालत असतांही आंत हवा जात नाहीं. असा खंड निदान दहा सेकंद पडला तर वैद्य त्यास श्वासरोध समजतात. रक्तांतील प्राणवायु उतरतो, मेंदु निजलेल्यास अर्धवट जागें करितो, श्वास सुटतो, आणि पुनः तेंच चक्र सुरू होतें. श्वास बंद पडण्याचे वा मंदावण्याचे असे प्रसंग तासांत पांचांपासून पंधरांपर्यंत आले तर विकार सौम्य, तिसांपर्यंत मध्यम व त्यापुढें तीव्र, अशी प्रतवारी आहे. तासांत तीस म्हणजे दर दोन मिनिटांस एक. अशा निद्रेस विश्रांति कसें म्हणावें?

हा विकार विरळा नव्हे. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयांतील डॉ. झरीर उदवाडिया व त्यांचे सहकारी यांनीं ३५ ते ६५ वर्षांच्या शहरी पुरुषांची पाहणी करून २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला कीं, शेंकडा साडेसात पुरुषांस दिवसाच्या सुस्तीसह हा विकार असावा. तो स्थूलांसच होतो असेंही नाहीं. खालचा जबडा लहान वा मागें असलेल्या सडपातळ माणसासही होतो, आणि रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांत त्याचें प्रमाण वाढतें. सकाळीं डोकें दुखणें, वाढता रक्तदाब, हृदयाचे अनियमित ठोके हे त्याचे सोबती. परंतु दिवसा येणारी डुलकी ही कामशेतकरांनीं विशेष ध्यानांत घेण्यासारखी. जुना मुंबई-पुणें रस्ता गांवांतूनच जातो, आणि २००२ पासून पूर्णपणें सुरू झालेल्या द्रुतगति मार्गाचा एक बोगदा गांवच्याच नांवानें ओळखला जातो. ताशीं शंभर किलोमीटर वेगानें जाणारी मोटार तीन सेकंदांत ऐंशी मीटरांहून अधिक अंतर तोडते. तेवढ्यांत डोळा लागला तर किंमत एकट्या निजणाऱ्यास भरावी लागत नाहीं.

आतां मूळ प्रश्न. दंतवैद्याचा उपाय खरा आहे, आणि तो शरीररचनेंतूनच निघाला आहे. जिभेचा मोठा स्नायु खालच्या जबड्यास आंतून जोडलेला असतो. जबडा कांहीं मिलिमीटर पुढें आणला कीं जीभही पुढें येते आणि घशाची वाट मोकळी राहते. जन्मतः जबडा मागें असलेल्या बालकांचा श्वास जीभ मागें पडून कोंडतो, हें फ्रेंच मुखवैद्य पीएर रोबँ यांनीं १९२३ सालींच मांडिलें होतें. प्रौढांच्या घोरण्यावर मात्र या तत्त्वाचा उपयोग १९८० च्या दशकांत होऊं लागला. दंतवैद्य दोन्ही जबड्यांचे ठसे घेतो. त्यांवरून वरच्या व खालच्या दांतांवर घट्ट बसणारीं दोन कवचें तयार करवितो. तीं एकमेकांस अशीं जोडलेलीं असतात कीं, खालचा जबडा पुढेंच राहावा. पुढें कांहीं आठवडे स्क्रू थोडथोडा फिरवून योग्य जागा सांपडेपर्यंत जबडा सरकवितात.

मग यंत्र बरें कीं कवच? १९८१ सालीं ऑस्ट्रेलियांतील डॉ. कॉलिन सलिव्हन यांनीं जगापुढें आणलेलें हवेच्या दाबाचें यंत्र अधिक प्रभावी आहे, आणि तीव्र विकारांत प्रथम त्याचाच विचार करावा. परंतु कपाटांतलें यंत्र कोणाचाही घसा उघडीत नाहीं. अमेरिकेंतील निद्रावैद्य व दंतवैद्य यांच्या संस्थांनीं २०१५ सालीं मिळून असाच सल्ला दिला कीं, ज्यांस यंत्र सोसत नाहीं त्यांस निरुपचार ठेवण्यापेक्षां दांतांचें उपकरण द्यावें; मात्र तें त्या माणसाच्याच मापाचें व सरकवितां येण्याजोगें असावें. बाजारांतील उकळत्या पाण्यांत मऊ करून चावावयाचे तयार साचे या कामीं भरंवशाचे नव्हेत.

दोषही सांगितले पाहिजेत. प्रारंभीं लाळ सुटते, सकाळीं जबडा अवघडतो, कांहीं वेळ दांतांवर दांत बसत नाहींत. वर्षानुवर्षांच्या वापरानें दांत कायमचे किंचित् सरकूंही शकतात. हिरड्या सुजलेल्या, दांत हालते किंवा फारच थोडे असतील तर हें उपकरण टिकत नाहीं. मुलांच्या घोरण्यास तर बहुधा टॉन्सिल वगैरे वाढ कारण असते. त्यांस कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे न्यावें. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, आवाज बंद झाला म्हणजे रोग गेला असें नव्हे. कवचानें घोरणें थांबून श्वासरोध तसाच राहूं शकतो. म्हणून उपकरण तोंडांत ठेवून निद्रेची परीक्षा पुनः करवावीच.

वजन उतरविणें, कुशीवर निजणें, मद्य व निजण्याच्या गोळ्या टाळणें यांचा लाभ होतो. लोणावळ्याच्या कैवल्यधामाच्या शेजारीं राहणाऱ्यांस प्राणायामाचें महत्त्व सांगावयास नको. पण निदान झालेल्या विकारांत प्राणायाम सोबतीस असावा, उपचाराच्या जागीं नव्हे.

तेव्हां आमच्या भगिनीनें असें करावें : परीक्षेचा जुना कागद घेऊन प्रथम निद्रावैद्याची संमति घ्यावी, कदाचित् मुखवटा बदलूनच यंत्र सोसेल. तें न जमल्यास या कामाचा अनुभव असलेल्या दंतवैद्याकडे जावें. दिवसाची सुस्ती जाईपर्यंत यजमानांनीं मोटार घरीं ठेवून कामशेतहून पुण्याची लोकल धरावी. तींत डोळा लागला तर फार तर स्टेशन चुकेल. घोरणाऱ्यास स्वतःचा श्वास अडल्याचें ठाऊक नसतें. त्याची एकमेव साक्षीदार उशाशीं जागी असते. "लोक काय म्हणतील," "यांस राग येईल," म्हणून तिनें ही साक्ष दाबून ठेवूं नये. चार रात्रींचें टिपण करून तें वैद्यापुढें ठेवणें, हें कागाळी नव्हे. तें संसाराचें रक्षणच होय.