वेल्हे की राजगड? डेटाबेसला नाव नको, कोड द्या!

विंझरचा सातबारा मोबाइलवर बघताना मला प्रश्न पडला. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं वेल्हे तालुक्याला ‘राजगड’ नाव द्यायला मंजुरी दिली. मग जुन्या क्वेरींचं काय?

समजा, ॲपच्या एसक्यूएल क्वेरीत ‘तालुका = वेल्हे’ असं लिहिलंय. डेटाबेसमध्ये नाव बदललं की उत्तर येणार शून्य. एररही दिसणार नाही! वाटेल, जमिनीची नोंदच नाही. पीककर्जासाठी रांगेत उभ्या शेतकऱ्याला हे परवडेल?

उपाय सोपा आहे. केंद्राच्या लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरीत प्रत्येक तालुक्याला, गावाला स्वतंत्र कोड असतो. शोध कोडवर घ्यायचा, नाव ‘जॉइन’ करून फक्त स्क्रीनवर दाखवायचं. मग पाटी कितीही वेळा बदलू दे, सातबारा सापडणारच.