खडकाळ जमिनीचें जोरकस द्राक्षमद्य व त्याजोगें अन्न

महसुली प्रतवारींत जमिनीची खोली, रंग व दगडगोटे पाहून तिची किंमत आण्यांत ठरविण्याची वहिवाट होती. त्या हिशेबानें स्पेन देशांतील प्रिओरात मुलखाची जमीन दोन आण्यांचीहि ठरली नसती. असें असतां तेथील तांबडें द्राक्षमद्य आज मोठ्या किंमतीस विकलें जातें. मद्य घ्यावें कीं न घ्यावें हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे. परंतु द्राक्षें पिकविणारास मालाचा गुण कशांत आहे व तो कोणत्या ताटाशेजारीं खपतो, हें ठाऊक असलें पाहिजे, असें आमचें मत आहे.

प्रिओरात हा कातालोनियांतील तारागोना शहरामागील डोंगराळ भाग होय. ११९४ सालीं कार्थुसियन पंथाच्या साधूंनीं तेथें स्काला देई नांवाचा मठ स्थापिला. मठाधिपतीच्या 'प्रिओर' या पदवीवरून मुलखास हें नांव पडलें. पुढें १८३५ सालीं सरकारनें मठाची मालमत्ता जप्त केली. येथील जमीन म्हणजे काळसर पाटीच्या दगडाचा चुरा. तीस तेथें लिकोरेल्या म्हणतात. वर पाणी ठरत नाहीं, म्हणून मुळें खडकाच्या फटींतून खोल उतरतात. गार्नाचा व कारिन्येना या तेथील जुन्या जाती. पुष्कळ जुन्या वेलींस किलोभरहि द्राक्षें येत नाहींत, पण जीं येतात त्यांचा रस दाट व अतिगोड. त्यामुळें मद्यांत अल्कोहोलचें प्रमाण शेंकडा १४-१५ पर्यंत सहज जातें.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फिलॉक्सेरा किडीनें बागा बुडविल्या व माणसें गांव सोडून गेलीं. उरलेल्यांचें मद्य पुष्कळ काळ पिंपांनीं विकलें जाई, आणि दुसऱ्यांच्या पातळ मद्यास जोर आणण्याकरितां त्यांत मिसळलें जाई. गुण यांचा, नांव दुसऱ्याचें! १९८९ सालीं रेने बार्बिए, आल्वारो पालासिओस वगैरे मंडळींनीं ग्राताल्योप्स गांवीं एकत्र मद्य काढून तें आपापल्या मळ्यांच्या नांवानें बाटल्यांतून विकलें, तेव्हां दैव पालटलें. २००० सालीं कातालोनिया सरकारनें मुलखास सर्वोच्च दर्जा दिला. नाशिककडील ज्या बागायतदारांचा माल मद्याच्या कारखान्यांस जातो, त्यांनीं करार करतांना नुसत्या वजनावर न जातां हा इतिहास ध्यानांत ठेवावा.

आतां अन्नाविषयीं. हें मद्य रिकाम्या पोटीं चाखून त्याचा निवाडा करणें आम्हांस गैर वाटतें. याचा तुरटपणा लाळेंतील प्रथिनांस धरतो व तोंड कोरडें पडतें; मांसाची चरबी व प्रथिनें सोबत असलीं म्हणजे तोच तुरटपणा मवाळ होतो. म्हणून निखाऱ्यावर भाजलेलें कोंकरूं वा करडूं, मंद आंचेवर शिजविलेलें रानडुकराचें मांस, पांढऱ्या घेवड्याबरोबरचे बुतिफारा नांवाचे डुकराच्या मांसाचे सॉसेज, आणि मेंढीच्या दुधाचें मुरलेलें कठीण चीज हे त्याचे खरे सोबती. शाकाहारी ताटांत पावसानंतर उगवणारीं अळंबी चालतात, तसेंच वांगीं व मिरच्या विस्तवांत भाजून, सोलून, ऑलिव्हच्या तेलांत घातलेलें एस्कालिवादाहि. तें आपल्या भरिताचें दूरचें भावंडच म्हणावें, मात्र तिखट नाहीं. नाजूक मासळीशीं याचें बिलकुल जमत नाहीं. तोंडास धातूसारखी चव येते.

आपल्याकडील झणझणीत तांबड्या रश्श्याशीं या मद्याची सोयरीक जुळविण्याचा कित्येकांस उत्साह असतो. आमचा त्यास स्पष्ट विरोध आहे. अल्कोहोलनें तिखटाची आग वाढते, तिखटानें मद्याची रुचि हरवते, आणि दोहोंचे पैसे फुकट जातात. त्यापेक्षां मीठ, मिरीं व लसूण एवढ्यावर भाजलेलें मटण घ्यावें, बाटली तासभर आधीं उघडावी, आणि उन्हाळा असेल तर ती थोडा वेळ गार पाण्यांत ठेवावी. ऊन झालेलें हें मद्य नाकांत झोंबतें.