महाविद्यालयाचे फाटक कोणासाठी उघडणार?

२०२१ च्या मे महिन्यात, अवघ्या पंधरा दिवसांत, उल्हासनगरमधील दोन रहिवासी इमारतींचे स्लॅब कोसळले आणि दहाहून अधिक माणसे दगावली. त्या दोन्ही दिवशी जमीन तसूभरही हलली नव्हती. निर्वासितांच्या छावणीतून १९४९ साली आकारास आलेले हे शहर पुढे बेकायदा बांधकामांच्या अर्थकारणात सापडले, आणि २००६ साली ती बांधकामे नियमित करण्यासाठी राज्य सरकारला खास कायदा करावा लागला. परंतु कागद नियमित झाला म्हणून खांब मजबूत होत नाही.

उद्या येथे जमीन खरोखरच हलली तर? हा पट्टा भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत मध्यम धोक्याच्या तिसऱ्या विभागात दाखवलेला आहे. शिवाय ‘धोका कमी’ या शब्दांवर विसंबणे किती घातक ठरते, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीने दाखवून दिले. तो प्रदेश तोवर सर्वांत कमी धोक्याचा समजला जात असे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या दाट वस्तीत मोकळी मैदाने थोडी आहेत. त्यांतली काही महाविद्यालयांच्या आवारात आहेत, आणि तेथेच हजारो तरुण रोज एकत्र येतात. म्हणूनच महाविद्यालयाची आपत्कालीन योजना हा केवळ प्राचार्यांच्या कपाटातील फायलीचा विषय नाही. तो साऱ्या वस्तीच्या जगण्यामरण्याचा प्रश्न आहे.

अशी योजना प्रथम साध्या प्रश्नांची उत्तरे देते. हादरे चालू असता जिन्याकडे धावायचे नाही, बाकाखाली आसरा घ्यायचा, हे विद्यार्थ्यांच्या अंगवळणी पडले आहे काय? प्रयोगशाळेतील गॅस आणि मुख्य वीजप्रवाह कोण बंद करणार? अपंग विद्यार्थ्यांना वरच्या मजल्यावरून कोण उतरवणार? शिरगणती कोठे होणार? इमारत तपासली जाण्यापूर्वी दप्तर आणावयास आत शिरणाऱ्यांना कोण अडवणार? आणि बाहेर पडायचे ते कोठे? २६ जानेवारी २००१ रोजी कच्छमधील अंजार येथे प्रजासत्ताकदिनाच्या फेरीतील शाळकरी मुले अरुंद गल्लीत दोन्ही बाजूंच्या ढिगाऱ्याखाली सापडली. आमच्या गल्ल्या त्याहून रुंद आहेत असे कोण म्हणेल? याशिवाय अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांतून वायू सुटला तर वाऱ्याची दिशा पाहूनच मैदान निवडावे लागेल. लोकलगाड्या थांबल्या की कर्जत-कसाऱ्याकडची मुले रात्रभर अडकतील. त्यांच्या पाण्याची, निवाऱ्याची आणि विद्यार्थिनींच्या सुरक्षिततेची तजवीज आधीच हवी.

ही उत्तरे वरिष्ठांनी बंद खोलीत लिहून चालणार नाहीत. चाव्या असतात त्या रखवालदाराकडे, आणि तो बहुधा कंत्राटी असतो. गॅसची तोटी ठाऊक असते प्रयोगशाळेतील शिपायाला. ज्यांना कायम नोकरी नाही, बैठकीत खुर्ची नाही, त्यांच्यावरच पहिल्या दहा मिनिटांचा भार पडणार. मग योजना आखताना त्यांना का वगळावे?

सरकारी मदत येते, पण उशिरा येते. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली, तेव्हा नौदल व आपत्ती दलाबरोबर आसपासचे गावकरीही मदतीस धावले. लोकांच्या या उत्स्फूर्ततेला शिस्त आणि साधने देणे हेच नियोजन होय. १९६९ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या विद्यार्थ्यांना प्रथमोपचार, स्ट्रेचर आणि ढिगारा उपसण्याचे शिक्षण मिळाले, तर ती योजना खऱ्या अर्थाने सेवेची होईल. किल्लारीनंतर पन्नालाल सुराणा व त्यांच्या सहकाऱ्यांनी नळदुर्ग येथे अनाथ मुलांसाठी ‘आपलं घर’ उभे केले. ती आपली परंपरा आहे. मात्र मुले अनाथ झाल्यावर जागे होणे पुरेसे नाही.

आपल्या कार्यकर्त्यांनी तीन मागण्या हाती घ्याव्यात. प्रत्येक महाविद्यालयाच्या व भोवतालच्या वस्तीच्या इमारतींची तपासणी सार्वजनिक खर्चाने व्हावी आणि तिचा अहवाल फाटकावर लावला जावा. दरवर्षी दोनदा, सकाळच्या व सायंकाळच्या सत्रांत, कंत्राटी कामगारांसह सराव व्हावा. आणि संकटकाळी आवाराचे फाटक शेजारच्या चाळींसाठी उघडेल, हे २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने स्थापलेल्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील प्राधिकरणाने लेखी मान्य करावे. शिक्षणसंस्था जनतेच्या पैशावर आणि विश्वासावर चालतात. त्यांच्या मैदानावर जनतेचा हक्क आहे, आणि तो हक्क ढिगारा पडण्यापूर्वीच प्रस्थापित झाला पाहिजे.