तास मोजून व्यसन ठरत नाही: संगणकावरच्या वैमानिकांच्या बाजूने, आणि थोडं त्यांच्या विरोधातही



"डॉक्टर, यांना गेमचं व्यसन लागलंय, काहीतरी गोळी द्या." हे वाक्य पूर्वी शाळकरी मुलांबद्दल ऐकू यायचं. आता चाळिशी-पन्नाशीतल्या, नोकरी-धंदा नीट सांभाळणाऱ्या माणसांबद्दलही ऐकू येतं. त्यातला एक गट जरा वेगळा आहे. हे लोक संगणकावर लढाऊ विमानं उडवतात, तीही एकट्याने नव्हे तर देशोदेशीच्या सोबत्यांबरोबर, हवाई दलातल्या वैमानिकाची भूमिका घेऊन. त्यांच्याबद्दल घरचे, वर्तमानपत्रं आणि काही डॉक्टरसुद्धा "व्यसन" हा शब्द फार स्वस्तात वापरतात. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. तास मोजून व्यसनाचं निदान होत नाही, आणि चुकीचं निदान चिकटवलं की खरा आजार नजरेतून सुटतो.

हे लोक नेमकं करतात काय?

‘आयएल-२ स्टुर्मोव्हिक’ हा खेळ २००१ साली आला. त्यात दुसऱ्या महायुद्धातली विमानं आहेत. ‘डीसीएस वर्ल्ड’मध्ये आधुनिक जेट विमानं आहेत, आणि त्यातली बरीचशी सुरू करायलाच कितीतरी बटणं ठरावीक क्रमाने दाबावी लागतात. २००३ मध्ये सुरू झालेलं ‘सेकंड लाइफ’ तर रूढ अर्थाने खेळच नाही. ते एक आभासी जग आहे. तिथली घरं, विमानतळ, विमानं बहुतेक सगळं तिथे वावरणाऱ्यांनीच बनवलेलं. तिथल्या जमिनीचा एक तुकडा २५६ मीटर बाय २५६ मीटरचा. वेगातलं विमान तो काही सेकंदांत ओलांडतं, आणि शिव ओलांडताना कधीकधी वैमानिकच विमानाबाहेर फेकला जातो. तरीही लोक तिथे हौसेने हवाई लढाया लढतात.

या मंडळींचं स्क्वाड्रन असतं, हुद्दे असतात, प्रत्येकाला एक कॉलसाइन असतं. उड्डाणाआधी ब्रीफिंग आणि नंतर कोण कुठे चुकलं याची चर्चा. हेडफोनवरची भाषा खऱ्या वैमानिकांची. ‘फॉक्स टू’ म्हणजे उष्णतेचा माग काढणारं क्षेपणास्त्र सोडलं. ‘बिंगो’ म्हणजे आता परत फिरण्यापुरतंच इंधन उरलं. ‘विंचेस्टर’ म्हणजे दारूगोळा संपला. आपल्या जोडीदाराची पाठ राखणारा तो विंगमन. त्याने जागा सोडली की पुढचा माणूस पडलाच. एखादी भूमिका ठरवून घ्यायची आणि नियम पाळून, इतरांच्या भरवशाला उतरून ती निभवायची, यालाच रोलप्ले म्हणतात.

आपल्याला हे नवीन नाही. सिंधुदुर्गात रात्रभर दशावतारात राजा होणारा माणूस सकाळी शेतावर जातो. त्याला आपण व्यसनी म्हणत नाही, कलावंत म्हणतो. मग घरातल्या खुर्चीत बसून वैमानिकाचं सोंग घेणाऱ्यालाच वेगळा न्याय का?

आणि उड्डाणाचं सोंग हा पोरखेळही नाही. एडविन लिंक या अमेरिकन माणसाने १९२९ मध्ये, वडिलांच्या ऑर्गनच्या कारखान्यातले भाते वगैरे वापरून जमिनीवरच डोलणारं खोटं विमान बनवलं. १९३४ मध्ये टपाल वाहताना लष्कराचे वैमानिक खराब हवामानात मरू लागले, तेव्हा अमेरिकन लष्कराने ही यंत्रं विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यावर शिकले. आजच्या सिम्युलेटरचा हा पूर्वज.

मग व्यसन कशाला म्हणायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. त्यात ‘गेमिंग डिसऑर्डर’ हा आजार आहे, म्हणजे हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणत नाही. पण त्या निदानाला तीन गोष्टी लागतात. एक, खेळण्यावर ताबा राहत नाही: कधी सुरू करायचं, कधी थांबायचं हे हातात उरत नाही. दोन, बाकी सगळ्या आवडीनिवडी आणि रोजची कामं मागे पडून खेळ पहिला येतो. तीन, नुकसान दिसत असूनही खेळणं चालू राहतं किंवा वाढतं. आणि या सगळ्यामुळे घर, शिक्षण, नोकरी, नाती यांची खरोखर मोठी हानी व्हायला हवी. तीही साधारण बारा महिने दिसायला हवी, फारच गंभीर असेल तर त्याआधीही निदान करता येतं.

या व्याख्येत "रोज इतके तास" असा आकडा कुठेच नाही. शनिवारी चार तास उडवणारा माणूस जेवायची हाक आल्यावर विमान धावपट्टीवर उतरवून ताटावर येत असेल, सोमवारी कामावर वेळेवर जात असेल, मुलांच्या शाळेत हजर असेल, तर त्याला छंद आहे, आजार नाही. उलट, आठवड्याला सहाच तास उडवणारा पण त्यासाठी नोकरीत खोटं बोलणारा, क्रेडिट कार्डावर महागडी जॉयस्टिक घेऊन घराचा हप्ता चुकवणारा माणूस मला जास्त काळजीचा वाटतो. घड्याळाला हा फरक कळत नाही. तो समोर बसून विचारल्याशिवाय कळत नाही.

"पण लढाईचे खेळ खेळून माणूस हिंसक होतो ना?" हा दुसरा आरोप. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये स्पष्ट केलं की आरडाओरडा, ढकलाढकली अशा आक्रमकपणाशी या खेळांचा थोडा संबंध दिसतो, पण प्रत्यक्ष हिंसाचाराचं कारण म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवायला पुरेसा पुरावा नाही. हेडफोन लावून नवरा "फॉक्स टू" ओरडला म्हणून घाबरायचं कारण नाही. शेजाऱ्यांची झोपमोड होते, तेवढं सांगा.

चुकीच्या लेबलाची किंमत

दोन उदाहरणं देतो. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

पहिला विशीतला मुलगा. कॉलेज सुटलेलं, रात्रभर विमान उडवायचा. घरात निदान झालेलंच होतं: गेमचं व्यसन. वडिलांनी संगणक कपाटात कुलूपबंद केला. मुलगा एकटा असताना विचारलं तेव्हा कळलं की भूक, झोप, कशातही मन लागणं, हे सगळं खेळ वाढण्याच्या कितीतरी आधी गेलं होतं. जगण्यात अर्थ नाही असं त्याला रोज वाटत होतं. स्क्वाड्रन ही एकच जागा उरली होती, जिथे तो दोन दिवस दिसला नाही तर कोणीतरी "कुठे होतास?" असं विचारायचं. नेमकी तीच जागा घरच्यांनी चांगल्या हेतूने बंद केली. त्याला नैराश्य होतं. उपचार त्याचे हवे होते, आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे ते सुरू झाले. संगणक काढून घेतल्याने नैराश्य जात नाही. कधीकधी बोलायची शेवटची जागा तेवढी जाते.

दुसरे गृहस्थ पंचेचाळिशीचे. दिवसा पेंगायचे, चिडायचे. बायकोचं म्हणणं, रविवारच्या त्या विमानामुळे. त्यांचं म्हणणं, आठवड्यातून एक रात्र, तीही बघवत नाही. दोघांच्या भांडणात एक प्रश्न कोणी विचारलाच नव्हता: घोरता का? घोरत होते, आणि झोपेत श्वास अडकत होता. ब्लडप्रेशर वाढलेलं होतं. स्लीप ॲप्निया निघाला. सगळा थकवा खेळाच्या खात्यावर जमा होत राहिला आणि आजार मागे मजेत वाढत राहिला. असा माणूस एक्स्प्रेसवेवर गाडी चालवताना डुलकी घेतो, तेव्हा ‘इजेक्ट’ करायची सोय नसते.

लेबलाचा आणखी एक तोटा म्हणजे माणूस लपवायला लागतो. व्यसनी म्हणतील या भीतीने डॉक्टरांना खरं सांगत नाही. मग पाठ का दुखते, शुगर का वाढली, झोप का पुरत नाही, याची उत्तरं आम्ही अंधारात शोधत बसतो.

आता वैमानिकांना चार शब्द

इथपर्यंत वाचून खूश झाला असाल तर थांबा. व्यसन नाही म्हणजे अपाय नाही, असं मी म्हटलेलं नाही. "यात रिफ्लेक्स सुधारतात, ताण जातो" हे मला सांगू नका. जाऊ द्या ताण, पण शरीराचा हिशेब वेगळा असतो.

झोप घ्या. युरोपातल्या स्क्वाड्रनचं उड्डाण जर्मनीतल्या वेळेनुसार रात्री आठला असेल, तर आपल्याकडे हिवाळ्यात साडेबारा आणि उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात. त्यांची संध्याकाळ, तुमची मध्यरात्र. लढाई संपली तरी धडधड लगेच उतरत नाही. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते, ती कुठून आणणार?

बसणं. पायाच्या पोटऱ्या या रक्त वर ढकलणारा पंप आहेत. तासन्‌तास पाय हललेच नाहीत तर शिरेत गुठळी होऊ शकते. २००३ मध्ये न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी अशा एका ३२ वर्षांच्या माणसाची नोंद प्रसिद्ध केली. दिवसाचे बारा-बारा तास संगणकापुढे बसून त्याच्या पायात झालेली गुठळी फुप्फुसापर्यंत गेली होती आणि जिवावर बेतलं होतं. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा अचानक धाप लागली, तर ‘मिशन’ सोडून त्याच क्षणी दवाखाना गाठा.

मळमळ. डोळ्यांवर व्हीआर हेडसेट असला की डोळे सांगतात विमान गिरकी घेतंय, आणि कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो मी खुर्चीत स्वस्थ बसलोय. मेंदूला दोन साक्षीदार उलटसुलट साक्ष देतात, मग गरगरतं. १९५० च्या दशकात हेलिकॉप्टरच्या सिम्युलेटरवर हा त्रास पहिल्यांदा नोंदला गेला, आणि गंमत म्हणजे अनुभवी वैमानिकांना तो जास्त झाला. गरगरत असताना उठून स्कूटर काढू नका. पूर्ण बरं वाटेपर्यंत थांबा.

खऱ्या लढाऊ वैमानिकाच्या अंगावर तीव्र वळणात ९ जीपर्यंत भार येतो. ७० किलोच्या माणसाला आपलं वजन ६३० किलो झाल्यासारखं वाटतं. त्यासाठी तो व्यायाम करतो, पाय-पोटाचे स्नायू आवळून श्वास घ्यायला शिकतो. तुमच्या अंगावर येतो १ जी, आणि सोबत वेफर्सचं पाकीट.

म्हणून माझा खरा आक्षेप असा: तुम्ही रोलप्ले करता, पण अर्धाच करता. हुद्दा घेतला, कॉलसाइन घेतलं, भाषा घेतली. शिस्त मात्र आकाशापुरतीच घेतली. आपल्याकडे व्यावसायिक वैमानिकाला ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, नाहीतर तो जमिनीवरच राहतो. तुमची शेवटची शुगर कधी तपासली? उड्डाणाआधीच्या बारा तासांत त्याला दारू चालत नाही. डीजीसीएच्या नव्या नियमांत त्याची साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेली आहे, कारण थकलेला वैमानिक धोकादायक असतो हे विमानसेवेने जीव गमावून शिकलेलं आहे. वैमानिक उड्डाणापूर्वी स्वतःलाच विचारतात: आजारी आहे का, कोणतं औषध घेतलंय, ताण आहे का, दारू घेतली का, झोप झाली का, मन ठिकाणावर आहे का? हे सहा प्रश्न तुमच्या ब्रीफिंगमध्ये घाला. स्क्वाड्रनचा कमांडर म्हणवून घेणाऱ्याने थकलेल्या माणसाला "आज तू उडायचं नाहीस" असं सांगायला हवं. भूमिकेचा हा भागही निभवा.

घरच्यांनी काय करावं?

"किती वेळ?" हा प्रश्न सोडा. हे विचारा:

१. ठरलेल्या वेळी थांबता येतं का?
२. झोप, जेवण, आंघोळ, काम यांपैकी काय सुटतंय?
३. पैशांबद्दल किंवा वेळेबद्दल खोटं बोललं जातंय का?
४. खेळ वाढण्याआधीच माणूस गप्प, उदास झाला होता का?
५. खेळत नसतानाही तो थकलेलाच असतो का?

पहिल्या तीनमध्ये गडबड दिसली तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. बंगळूरच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या अतिवापरासाठी खास क्लिनिक आहे. चौथ्याचं उत्तर "हो" असेल तर उशीर करू नका. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते. पाचव्यासाठी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे या.

आणि एक विनंती: यंत्राची वायर उपटू नका. शेजारी खुर्ची ओढून बसा आणि विचारा, हा विंगमन कोण, कुठल्या देशाचा, काय करतो? वर्षानुवर्षं आपल्या माणसाची पाठ राखणाऱ्याचं नाव घरात कोणालाच माहीत नसणं, मला त्या खेळापेक्षा जास्त काळजीचं वाटतं.