नवी पाटी, नवे हॉटेल



कोल्हापुरात हल्ली कुठल्याही रस्त्याने जा, एखाद्या गाळ्यावर नवी पाटी लागलेली दिसते. राजारामपुरीच्या गल्ल्या घ्या, ताराबाई पार्क घ्या, नाहीतर रंकाळ्याकडचा रस्ता. कुणी मिसळ सुरू केली, कुणी मटणाची खानावळ, कुणी नुसते झुणका-भाकर. मोठ्या कंपनीची शाखा नव्हे, तर नवरा-बायको आणि एखादा भाऊ मिळून चालवलेली ही हॉटेले. पगार झाला की महिन्यातून एखादे वेळी आपण मुलाबाळांना घेऊन बाहेर जेवतो, आणि त्याच त्या नावाजलेल्या हॉटेलासमोर तासभर ताटकळत बसतो. त्यातला एखादा महिना नव्या हॉटेलाला द्यावा, असे मी सुचवतो.

नव्या हॉटेलाचे पहिले काही महिने फार कठीण असतात. भाडे, गॅस, कामगारांची मजुरी रोज चालूच. गिऱ्हाईक मात्र दुसऱ्याने जाऊन येण्याची वाट पाहत बाहेरच थांबते. ही गोष्ट कोल्हापूरला नवी नाही. याच शहरातल्या भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी चहाचे हॉटेल काढले होते. ते छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकरीला होते. पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना बेदम मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा तर केलीच, पण गंगारामांना स्वतःच्या पायावर उभे राहायला सांगितले. हॉटेलवर 'सत्यसुधारक' अशी पाटी लागली. चहा चांगला, कपबशा स्वच्छ, तरी स्पृश्य गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा घेऊ लागले आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजू लागले. महाराज १९२२ साली गेले. पुढे १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात सार्वजनिक उपाहारगृहांचे नाव घेऊन लिहिले गेले, की तिथे जाण्यापासून कुणालाही जातीवरून अडवता येणार नाही.

आत जाण्याचा प्रश्न कायद्याने सोडवला. गल्ल्यावर बसण्याचा प्रश्न मात्र अजून पुरता सुटलेला नाही. आपल्यातला एखादा तरुण खानावळ काढतो तेव्हा पाटीवर आडनाव घालावे की नुसते 'घरगुती जेवण' लिहावे, यावर घरात खल होतो. बाकी गिऱ्हाईक येवो न येवो, आपण तरी जाऊन बसलो पाहिजे. पण भीड म्हणून नको. अन्न वाईट असेल तर तेही तोंडावर सांगावे.

आता हॉटेल पारखायचे कसे? मटणाच्या ताटात मी आधी पांढरा रस्सा बघतो. तांबड्यात तिखट आणि तेलाचा तवंग पुष्कळ काही झाकतो. पांढऱ्याला ती सोय नाही. मटणाची अळणी नीट उकळलेली असेल आणि नारळाचे दूध ताजे असेल, तर तो हलका, वाटीने पिण्याजोगा लागतो. पिठाने दाट केलेला रस्सा जिभेवर चिकटतो. तिथे पुन्हा जाऊ नये. मिसळीचा कट मात्र झणझणीत हवाच, पण मुलांसाठी वेगळा मागावा, देतात. आणि रविवार, बुधवार, शुक्रवार या दिवशी मटणाला उठाव असतो, म्हणून ते ताजे मिळण्याचा संभव जास्त. सोमवारी, शनिवारी पुष्कळ घरांत मटण वर्ज्य, तेव्हा त्या दिवशी अंडे किंवा भाजी मागवलेली बरी.

बसण्याआधी एक विचारून घ्या. एका ताटात दोघांनी जेवायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते. पाच माणसांच्या घराला ते ऐनवेळी कळले तर हिशेब कोलमडतो. ताटाऐवजी सुके मटण आणि जास्तीच्या भाकऱ्या घेतल्या तर अनेकदा स्वस्त पडते.

बिल वाचूनच पैसे द्यावेत. साध्या हॉटेलात जीएसटी पाच टक्के. लहान हॉटेल कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला गिऱ्हाईकाकडून जीएसटी वेगळा घेता येत नाही, तसा फलकही त्याने लावायचा असतो. सेवाशुल्क, म्हणजे सर्व्हिस चार्ज, सक्तीचा नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये तसे बजावले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये ते उचलून धरले. कुणी ऐकत नसेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. अन्नसुरक्षा परवान्याचा चौदा आकडी क्रमांकही बिलावर असावा लागतो.

नव्या ठिकाणी शक्यतो दुपारी साडेबाराच्या सुमारास जावे. भाकरी तव्यावरची मिळते, आणि मालक अजून घाईत नसतो. रस्सा खारट झाला असेल तर त्यालाच सांगा; वस्तीत दहा जणांना सांगण्याआधी त्याला सांगितलेत तर संध्याकाळचा रस्सा तरी सुधारेल.