आराखडा वाक्यांत लिहा

नियोजित वैचारिक किंवा माहितीपर पुस्तकाचा आराखडा मागितला, की बहुतेक वेळा हाती येते ती अनुक्रमणिका. समजा, कोयनेच्या भूकंपावर पुस्तक लिहायचे आहे. ‘खोऱ्याचा भूगोल’, ‘धरणाची उभारणी’, ‘११ डिसेंबर १९६७’, ‘हानी आणि मदत’, ‘संशोधन’ ही पाच शीर्षके कोणीही दहा मिनिटांत लिहून देईल. त्यांत चूक काही नाही, पण लेखकाला काय म्हणायचे आहे, हेही त्यांत कुठे नाही. आता त्याच जागी एक पूर्ण वाक्य लिहून पाहा : ‘कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात पाणी साठू लागल्यानंतर परिसरातले धक्के वाढले.’ वाढले म्हणजे कशाच्या तुलनेत? धरणाआधी त्या खोऱ्यात धक्के मोजायला कोणती यंत्रे होती? जुन्या नोंदी नसतील, तर भूकंप होत नव्हते असे म्हणायचे, की ते कोणी मोजले नव्हते एवढेच? शेवटी ढकललेले ‘संशोधन’ हेच प्रकरण पुस्तकाचा कणा आहे, हे एकही पान लिहिण्याआधी कळून चुकते. शीर्षकाला असा जाब विचारता येत नाही. वाक्याला विचारता येतो, कारण ते खरे किंवा खोटे ठरू शकते.

आपल्याकडे याचा उत्तम दाखला ‘गीतारहस्या’चा आहे. टिळकांनी त्याचा खर्डा मंडालेच्या तुरुंगात १९१०-११च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिला, हे सर्वांना ठाऊक असते. गीतेचे तात्पर्य कर्मयोगात आहे, हे मुख्य विधान त्यांनी १९०२ मध्येच नागपूरच्या व्याख्यानात मांडले होते, याकडे मात्र फारसे लक्ष जात नाही. ग्रंथाची मांडणीही पाहण्यासारखी आहे. टीकाग्रंथांच्या रिवाजाप्रमाणे श्लोकामागून श्लोक घेत न जाता त्यांनी आधी पंधरा प्रकरणांचे विवेचन ठेवले आणि श्लोकांचे भाषांतर त्यानंतर दिले. दुसऱ्याच प्रकरणात, ‘कर्मजिज्ञासे’त, कर्तव्याचा पेच वाचकापुढे येतो. मग आधिभौतिक सुखवाद, सांख्य, अध्यात्म अशी एकेक भूमिका तपासून होते आणि ‘संन्यास व कर्मयोग’ हा मुख्य वाद अकराव्या प्रकरणात उभा राहतो. तोवर त्या वादाचा निवाडा करायला लागणारे सगळे सामान वाचकाजवळ जमलेले असते. हा क्रम आधी ठरवल्याशिवाय साधत नाही.

यावर लेखकांचा आक्षेप ठरलेला आहे आणि तो वजनदारही आहे. लिहिता लिहिताच सुचते, आधी सगळे आखून ठेवले तर लिखाण निर्जीव होते, असे ते म्हणतात. सुचते हे खरेच. पण डार्विनचे उदाहरण पाहावे. १८४२ मध्ये त्याने आपल्या उत्क्रांतीच्या सिद्धांताचे पेन्सिलीने ३५ पानांचे टिपण केले, १८४४ मध्ये ते सुमारे २३० पानांपर्यंत वाढवले. आधी बदल आणि निवड, मग भूस्तर व प्राणी-वनस्पतींचा प्रसार यांतले पुरावे, हा त्या टिपणांचा ढोबळ क्रम १८५९च्या ग्रंथातही टिकून आहे. तरीही एकाच मूळ जातीपासून निघालेल्या जाती एकमेकींपासून दूर का होत जातात, याचे पक्के उत्तर त्याला १८४४ नंतर सापडले आणि निवडीच्या प्रकरणात सामावले. निवडीचीच कल्पना स्वतंत्रपणे सुचलेल्या वॉलेसचे पत्र १८५८च्या जूनमध्ये आले आणि पुढच्या वर्षीच्या नोव्हेंबरपर्यंत पुस्तक बाजारात होते. आराखड्याने नव्या विचाराला अडवले तर नाहीच, उलट बसायला जागा दिली. निर्जीव होते ते शीर्षके भरत जाण्याने. तिथे वाक्य बदलायची वेळच येत नाही.

दुसरी अडचण वेळेची. मराठीत असे लेखन बहुतेक जण नोकरी सांभाळून करतात. म्हणूनच सदरात छापलेले लेख एकत्र करून पुस्तक काढण्याची वाट सोपी वाटते. चांगल्या लेखसंग्रहाचे मोल आम्ही मानतो, पण त्यातला प्रत्येक लेख पुन्हा शून्यापासून सुरू होतो, तीच पार्श्वभूमी चारदा येते. सुट्टीच्या दिवशीच लिहायला बसणाऱ्याला तर आराखडा जास्तच हवा : आठवड्याने वही उघडली की पुढचे वाक्य समोर असते. आराखड्याशिवाय लिहिण्याच्या या सवयीत प्रकाशकांचाही वाटा आहे. आज संपादक पुस्तक पहिल्यांदा वाचतो ते पूर्ण हस्तलिखित आल्यावर. तेव्हा चौथे प्रकरण पहिले करा म्हणणे लेखकावर अन्याय असतो, आणि न म्हणणे वाचकावर. दहा पानांचा वाक्यांतला आराखडा आधी मागवावा, त्यावर लेखकासोबत एक दुपार बसावे आणि करारावर सह्या त्यानंतर कराव्यात.